उरलेली अर्धी लादी

रविवारी रात्री पावभाजी झाली की सोमवारी सकाळी ओट्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धी लादी हमखास सापडते. बारांतले सहा पाव उरतात, कधी पाच. माणसं मोजून आणले तरी उरतात, कारण पाहुण्यांना पाव कमी पडला तर ते आपल्याला लागतं. सोमवारी हात लावावा तर वरचं कवच चिवट झालेलं असतं. मंगळवारी पाव बोटाने दाबला तर दबत नाही आणि दबलाच तर पुन्हा वर येत नाही. मी या मंगळवारच्या पावाची वाट बघत असते.

आमच्या घरात शिळ्या पोळीची रीतसर सोय होती. फोडणीची पोळी, गूळ-तूप घालून मलिदा, दह्यातला कुस्करा. शिळ्या भाताला कांदा, शेंगदाणे आणि सढळ फोडणी. श्रावणात शिळासप्तमीला चूल थंड ठेवून आदल्या दिवशीचंच खायचं, म्हणजे शिळ्याला वर्षातून एक दिवस देवघराचीही संमती. पावाला असं काही नव्हतं. पाव बाहेरून आलेला. त्याला दिलेली फोडणीसुद्धा नाइलाजाची. उरलाच तर आई गच्चीवर कावळ्यांना घालायची, आणि अन्न टाकल्याची रुखरुख तिच्या चेहऱ्यावर दुपारपर्यंत राहायची.

तिची ती रुखरुख संपवली खोताच्या वाडीतल्या आन्टीनं.

गिरगावात आमची चाळ आणि खोताची वाडी यांच्यामध्ये एक रस्ता होता, आणि तो रस्ता ओलांडला की गाव बदलायचं. पाठारे प्रभू खोतांच्या जमिनीवर वसलेली ती वाडी. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, दारात क्रूस, आणि घराघरातून मराठी. आन्टीचं कुटुंब ईस्ट इंडियन. वसई, साष्टी, मुंबई बेटांवरचे हे मूळचे कोकणी रहिवासी पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले. नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोवेकर आणि मंगळुरी ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, घरातली बोली मराठी. आमच्या घरातून दिवाळीत फराळाचा डबा त्यांच्याकडे जायचा, नाताळात त्यांच्याकडचा कुसवार आमच्याकडे यायचा. आणि डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच होता.

अशाच एका दिवाळीनंतर आमच्या चकलीच्या बदल्यात आन्टीचा जर्मनचा डबा आला. झाकण उघडलं तर आत तपकिरी, ओलसर, हलवलं की थरथरणारं काहीतरी. वर जळक्या साखरेचा रस. आईनं वास घेतला आणि जायफळ ओळखलं. अंडं तिनं ओळखलं नाही, किंवा ओळखूनही बोलली नाही. आम्ही दोघा भावंडांनी तो डबा जिन्यातच संपवला.

दुसऱ्या दिवशी मी बेकरीतून सहा ताजे पाव घेऊन आन्टीच्या दारात उभी राहिले. मला ते शिकायचं होतं. तिनं एक पाव हातात घेतला, दाबला, नाकाला लावला आणि परत पिशवीत टाकला.

“हा आज सकाळचा आहे गो. चहाबरोबर खा. पुडिंगला दमलेला पाव लागतो. परवा ये.”

पुढे कित्येक वर्षं मला वाटत राहिलं की हा काटकसरीचा धडा आहे. शिळा पाव वाया जाऊ नये म्हणून पुडिंग करायचं, असंच सगळे सांगतात. ते निम्मंच खरं आहे. पाव शिळा नसेल तर हे पुडिंग होतच नाही. शिळेपण हा यातला जिन्नस आहे, दूध आणि अंड्याइतकाच.

शिळं होणं म्हणजे सुकणं, असा आपला समज असतो. १८५२ साली बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं पाव हवाबंद ठेवून पाहिला. आतलं पाणी बाहेर जायला वाट नव्हती, तरी पाव शिळा झाला. मग तो गरम केला, तर पुन्हा मऊ. म्हणजे पाणी कुठे गेलं नव्हतं. बदललं होतं ते आतलं पिष्ट. भट्टीत मैद्यातल्या पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, सैल होतात, म्हणून ताजा पाव लुसलुशीत. थंड होत जाताना हेच कण पुन्हा एकमेकांना धरून रांगेत बसू लागतात, काही तासाभरात, काही दिवसांनी. ही रांग जमली की गर घट्ट होतो. फ्रीजच्या थंडीत हे सगळ्यात लवकर होतं, म्हणून पाव फ्रीजमध्ये ठेवू नये; खोलीत ठेवावा, नाहीतर सरळ फ्रीजरमध्ये गोठवावा. काल आणलेला पाव तव्यावर शेकला की तासभर पुन्हा माणसात येतो, तेही यामुळेच. उष्णतेनं ती रांग मोडते.

आता हा घट्ट, उघड्यावर थोडा सुकलेला पाव दुधात टाकला की तो दूध ओढून घेतो, पण आपला आकार सोडत नाही. ताजा पाव दुधात विरघळतो, त्याची खळ होते. मी एकदा आन्टीचं न ऐकता ताज्या पावाचं पुडिंग केलं होतं. डब्यातून निघालं ते पेजेसारखं काहीतरी, तळाशी चिकट आणि वर दुधाळ पाणी. दमलेला पाव म्हणजे काय, ते त्या दिवशी समजलं.

पावाशी आपलं नातं तसं अवघडच राहिलं आहे. शब्द पोर्तुगीज, वस्तू पोर्तुगीज. मैदा पायानं मळतात म्हणून पाव, अशी व्युत्पत्ती मी लहानपणी ऐकली आहे, आणि ती सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर किळस उमटायची. गोव्यात माडाच्या ताडीनं पीठ फुगवायचे, हेही सोवळ्याच्या विरोधात. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, आणि विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी त्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांवरून एवढं वादळ उठलं की रानडे आणि टिळकांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली. भट्टीतून निघालेल्या पदार्थाला मराठी स्वयंपाकघरात शिरायला किती काळ लागला असेल, याचा अंदाज यावरून येतो. माझ्या आजीनं पाव कधीच खाल्ला नाही. माझी आई तो आणायची, पण फडताळात पोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवायची नाही.

आता तीच लादी वडापावाच्या रूपानं आपली ओळख झाली आहे. तिचा जन्म पाहायला मी मध्यंतरी गिरगावातल्या एका जुन्या बेकरीत गेले होते. संध्याकाळची खेप निघायची वेळ. आत पाऊल टाकलं की आधी उष्णता अंगावर येते, मग आंबट-गोड वास. लाकडी परातीतलं पीठ खमिरानं फुगून काठावर आलेलं. दोन पोरं मैद्याचे गोळे तोडून पत्र्यावर चिकटवून लावत होती. हात इतके सराईत की वजनकाटा लागत नव्हता. गोळे एकमेकांना टेकलेले असतात म्हणून भाजताना ते बाजूनं न फुगता वर चढतात, आणि म्हणून पाव तोडला की त्याच्या कुशीला कवच नसतं, नुसता कापसासारखा गर असतो. पुडिंगसाठी हे मोलाचं आहे. दूध त्या उघड्या बाजूनं आत शिरतं. लांब दांड्याच्या फावड्यानं पत्रे भट्टीत सरकत होते, आणि काही मिनिटांत वरचा रंग बदललेला.

न विकलेल्या पावाचं काय करता, हे मी मालकांना विचारलं. त्यांनी वर बोट दाखवलं. भट्टीच्या माथ्यावर, जिथे ऊब कायम असते, तिथे जुने पाव वाळत पडले होते. त्यांचा चुरा होतो, कटलेटवर लावायला. काही पाव आतल्या मोठ्या पातेल्यात दूध-साखरेसोबत जातात आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या कपाटात तपकिरी चौकोन होऊन बसतात. जुन्या बेकऱ्यांमध्ये आणि इराण्यांकडे हे चौकोन अजून मिळतात. ते घट्ट, जड, चहात बुडवता येतील असे असतात. घरचं पुडिंग त्याहून नाजूक.

निघताना त्यांनी भट्टीचा विषय काढला. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितलं. शहराची हवा पाहता ते योग्यच आहे, असं मला वाटतं. पण त्या माणसाचा प्रश्नही खरा होता: लाकडाच्या भट्टीची जमीन जशी तापून राहते तशी गॅसवर राहील का, आणि पावाचं कवच तसंच येईल का? ते कवच पुडिंगच्या पोटातही जाणवतं. मऊ गरात मध्येच दाताला लागणारी ती तपकिरी कड मला आवडते, म्हणून मी पावाच्या कडा कधी काढत नाही.

पाकिटातल्या कापलेल्या ब्रेडचं पुडिंग होत नाही असं नाही, पण त्याचा स्वभाव वेगळा. मॉडर्न बेकरीज ही सरकारी कंपनी १९६५ साली निघाली आणि पाकिटातला ब्रेड शहरोशहरी पोचला. असा ब्रेड लवकर शिळा होऊ नये, त्याला बुरशी येऊ नये म्हणून त्यात वेगवेगळे पदार्थ घालतात. त्यामुळे तो चौथ्या दिवशीही मऊच असतो, आणि मग एका सकाळी एकदम हिरवा ठिपका दिसतो. तो शिळा होतच नाही, सरळ खराब होतो. हा फरक लक्षात ठेवला पाहिजे: शिळा पाव कोरडा, घट्ट, पण निर्मळ वासाचा असतो, बुरशीचा एक ठिपका दिसला तरी पूर्ण पाकीट टाकायचं, ठिपका खरवडून वापरायचं नाही. पाकिटाचाच ब्रेड असेल तर तुकडे ताटात पसरून रात्रभर जाळीखाली ठेवावेत किंवा मंद तव्यावर कोरडे करावेत. हैदराबादी डबल का मीठा करताना ब्रेडचे तुकडे तुपात तळतात, तेही त्यातलं पाणी घालवायलाच. मग ते साखरेचा पाक आणि आटवलेलं दूध पितात. औरंगाबाद-नांदेडकडच्या मुस्लिम लग्नांत तो अजून वाढतात, कारण १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मला तो आवडतो, पण त्यात अंडं नाही. तो कस्टर्डच्या घराण्यातला नव्हे.

कस्टर्ड हा शब्द मराठी घरात आला तो पिवळ्या पावडरीच्या डब्यातून. आपल्यासाठी कस्टर्ड म्हणजे दुधात शिजवलेली ती पूड आणि त्यात केळी, सफरचंद, डाळिंबाचे दाणे. ती पूड आहे मक्याचं पीठ, रंग आणि वास. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली ती शोधली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं. म्हणजे अंड्यावाचून कस्टर्डची हौस भागवण्यासाठीच तिचा जन्म. अंडं न खाणाऱ्या घरांना ती सोयीची वाटली यात नवल नाही. १९५६ साली पुण्यात वेकफील्ड सुरू झालं आणि हा डबा किराणा दुकानाच्या फळीवर कायमचा बसला. पुढे त्याच पुण्यात मुख्यालय असलेल्या, १९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीनं रोज अंडं खा म्हणून घरोघरी सांगितलं. एका शहरानं बिनअंड्याचं कस्टर्डही दिलं आणि अंडंही.

पावडरीचा मी दुस्वास करत नाही. अंडं चालत नसेल तिथे ती जरूर वापरावी. पण खरं कस्टर्ड म्हणजे दूध, साखर आणि अंडं, एवढंच. त्याला घट्ट करणारं दुसरं काही नसतं. अंड्यातली प्रथिनं उष्णतेनं उलगडतात, एकमेकांत गुंफतात आणि त्या जाळ्यात दूध अडकून बसतं. दुधा-साखरेत मिसळलेलं अंडं साधारण ८० अंशांच्या आसपास धरतं. आणखी तापवलं की जाळं आवळतं, दूध बाहेर ढकललं जातं, आणि पुडिंगला ढोकळ्यासारखी भोकं पडून पाणी सुटतं. म्हणून इथे आच मंदच हवी. पारशी लग्नातलं लगननु कस्टर्ड असो की इराण्याकडचं कॅरॅमल कस्टर्ड, सगळ्यांना ही अट लागू आहे.

माझ्याकडे ओव्हन नाही. आन्टीकडेही नव्हता. तिचं पुडिंग कुकरमध्ये व्हायचं, शिट्टी काढून.

बुधवारी सकाळी मी डब्यात पाच मोठे चमचे साखर आणि चमचाभर पाणी घालून डबाच सरळ गॅसवर ठेवते. आधी साखर विरघळते, मग बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, मग कडेनं मधाचा रंग धरतो. इथून पुढे मान वळवायची नाही. मधाचा रंग बिनदुधाच्या चहावर आला की सांडशीनं डबा उचलून तिरका फिरवायचा, रस तळाला आणि थोडा अंगाला लागला पाहिजे. क्षणभर उशीर झाला तर कडू होतो, आणि ते कडूपण कशानंच झाकत नाही. बाजूला ठेवलेला डबा थंड होताना टक् टक् आवाज करतो. लहानपणी आम्ही त्या आवाजाची वाट बघत ओट्याशी उभे राहायचो.

मग पाच पाव हातानं तोडायचे, सुरीनं नाही. तुटलेली खडबडीत बाजू दूध जास्त पिते. सहाशे मिलिलिटर दूध कोमट करून त्यात शंभर ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, किसलेलं जायफळ. चार अंडी काट्यानं फेस न आणता फोडायची. फेस झाला तर तोच पुढे भोकं पाडतो. दूध कोमट असतानाच अंड्यावर धारेनं ओतायचं, कडकडीत ओतलं तर भुर्जी होते. हे मिश्रण गाळून पावावर घालायचं आणि निदान अर्धा तास त्याकडे बघायचंही नाही. अर्ध्या तासानं एक तुकडा मधोमध फोडून पाहायचा. आत पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून थांबायचं. आन्टी हे नखानं पाहायची. मूठभर तासगावचे बेदाणे, डब्यात ओतणं, वर लोण्याचे चार ठिपके, झाकणाखाली घट्ट बांधलेला कागद, म्हणजे वाफेचं पाणी आत ठिबकत नाही.

कुकरच्या तळाशी फडक्याची घडी, डब्याच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी, झाकण शिट्टीविना, आणि गॅस इतका बारीक की पाणी नुसतं कुजबुजत राहील. पाऊण तास. एका दिवाळीत मी घाईनं गॅस मोठा केला, पाणी आटलं आणि डब्याचा तळ कायमचा काळा झाला. तो डाग अजून आहे. पुडिंग झालं हे ओळखायला सुरी नको. डब्याला हलकेच धक्का द्यायचा. कड स्थिर आणि मध्यभाग दाट दह्यासारखा थरथरला तर गॅस बंद. पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलं तर ते जास्त शिजलेलं असतं, कारण थंड होतानाही आतली उष्णता काम करत राहते. रात्रभर फ्रीजमध्ये. पाव एकदा कस्टर्डमध्ये गेला की त्याला फ्रीज चालतो.

डब्याबद्दल तुम्हाला वाटलं असेल ते बरोबर आहे. तो आन्टीचाच डबा. एका वर्षी पुडिंग घेऊन आला आणि तो परत करायच्या आत आन्टीच्या मुलांनी वाडीतली जागा सोडली, घर वसईला गेलं. नंतर आमचीही चाळ गेली, मी बोरिवलीला आले. फोन चालू राहिले, डबा राहून गेला.

या दिवाळीच्या आधी एका गुरुवारी मी त्या डब्यात पुडिंग घेऊन वसई रोडची गाडी पकडली. डबा मांडीवर, वर ओलं फडकं. आन्टी आता चौऱ्याऐंशीची आहे. ओसरीत बसून होती, समोर केळीची बाग. तिनं आधी डबा ओळखला, मग मला. तळाच्या काळ्या डागावरून बोट फिरवलं आणि हसली. ताटलीवर डबा उलटा केला, तिच्या सुनेनं वरून दोन चापट्या मारल्या आणि पुडिंग सुटून खाली बसलं; रस चहूबाजूंनी पसरत ताटलीच्या काठापर्यंत गेला.

आन्टीनं चमच्यानं एक तुकडा तोडला, तोंडात ठेवला, डोळे मिटले. मी शाळेतल्या मुलीसारखी उभी होते.

“पाव कधीचा?”

“रविवारचा. काल केलं.”

“मंगळवारी रात्री उघडा ठेवला नव्हतास.”

नव्हता ठेवला. पाऊस होता, बुरशीच्या भीतीनं डब्यात झाकून ठेवले होते पाव. तिला ते एका घासात कळलं.

“एक रात्र कमी पडली. जायफळ चांगलं आहे. बस आता, तू पण खा.”

निघताना सुनेनं डबा घासून आणला. मी तो तिथेच ठेवायला सांगितलं, इतक्या वर्षांनी का होईना परत करायला आले होते. आन्टीनं मान हलवली, आत गेली आणि डब्यात वसईची सुकेळी भरून, झाकण दाबून, तो माझ्या हातात दिला.